४६ किलो ते १२ किलो : आंद्रेआस श्टील यांची करवत

पावसाळ्याच्या पहिल्या वादळी सरींत मुंबई-पुण्याच्या एखाद्या रस्त्यावर जुना गुलमोहर आडवा होतो. वाहतूक खोळंबते. थोड्या वेळाने अग्निशमन दलाची गाडी येते, जवान एका यंत्राची दोरी ओढतो आणि कर्कश आवाज घुमू लागतो. ज्या बुंध्यावर कुऱ्हाडीने तास-दोन तास खर्ची पडले असते, त्याचे काही मिनिटांत ओंडके होतात. एका माणसाने सहज उचलावे असे हे पाच-सहा किलोंचे यंत्र, म्हणजे चेनसॉ किंवा साखळी करवत, आता इतके परिचयाचे झाले आहे की त्याचाही काही इतिहास असेल, असे बघ्यांच्या मनात सहसा येत नाही.

युरोप-अमेरिकेत मात्र या इतिहासाने झपाटलेली मंडळी आहेत. कुणी जुनी मोटार जपतो, कुणी घड्याळे. ही मंडळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या साखळी करवती शोधून आणतात. शेतघराच्या पडवीत किंवा भंगारवाल्याकडे गंजत पडलेले यंत्र ते सुटे करतात, धुतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालवून पाहतात. मॅककलक, होमलाइट, डोलमार अशी अनेक नावे त्यांच्या फडताळांवर मांडलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या संग्रहात एक यंत्र असते किंवा असावे अशी इच्छा तरी असते. ते म्हणजे १९५९ साली जर्मनीत तयार झालेली ‘कॉन्ट्रा’. हे यंत्र ज्यांच्या कारखान्यातून बाहेर पडले त्या आंद्रेआस श्टील यांचे आयुष्य या यंत्राच्या सुट्या भागांत वाचता येते. त्या आयुष्यात कौतुक करावे असे पुष्कळ आहे आणि ज्याकडे डोळेझाक करता येत नाही असेही काही आहे.

वखारीतले कष्ट

आंद्रेआस श्टील यांचा जन्म १० नोव्हेंबर १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झाला. पुढे ते जर्मनीत आले आणि आयझेनाख येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धानंतरची जर्मनी ही तरुण अभियंत्याला सुखाने बस्तान बसवू देणारी भूमी नव्हती. पराभव, राजकीय अस्थैर्य आणि १९२३ सालच्या भयंकर चलनवाढीने लोकांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल केली होती. अशा काळात श्टील सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले. बाष्पकांच्या भट्ट्यांची रचना हा त्यांचा विषय. त्या निमित्ताने लाकूड गिरण्यांशी त्यांचा संबंध आला.

गिरणीत लाकूड चिरण्याचे काम तोवर यंत्रांनी चालू झाले होते. पण झाड पाडणे आणि ओंडके कापणे हे काम शतकानुशतके चालत आले होते तसेच होते. दोन माणसे, त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब करवत, आणि दिवसभर पुढे-मागे ओढणे. ऐन हिवाळ्यात, बर्फात गुडघे टेकून हे काम करायचे. लाकूड ओले असेल तर करवत अडकायची. पाचर ठोकून ती सोडवावी लागे. श्टील यांनी हे कष्ट पाहिले आणि त्यांच्या मनात एक साधा विचार घर करून बसला. झाड ओढून गिरणीपर्यंत आणण्याऐवजी गिरणीतले यंत्रच झाडापर्यंत का नेऊ नये?

१९२६ साली त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. भांडवल तुटपुंजे होते. बाष्पकांच्या भट्ट्यांची कामे आणि पुढे कपडे धुण्याची यंत्रे यांवर चरितार्थ चालत होता. त्याच वर्षी त्यांनी विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. ती ओंडके कापण्यासाठी होती, दोघांनी मिळून धरावी लागे आणि अर्थातच जेथे वीज तेथेच ती चालत असे. जंगलात वीज नव्हती. म्हणून १९२९ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारे यंत्र आणले. त्याला नावही त्यांनी सरळ दिले होते, झाडे पाडण्याचे यंत्र. त्याची शक्ती ६ अश्वशक्ती आणि वजन ४६ किलो. एकाने इंजिनाची बाजू धरायची, दुसऱ्याने पट्टीचे टोक. ही ६ अश्वशक्ती आणि हे ४६ किलो लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण श्टील यांचे पुढचे सारे आयुष्य यांतला दुसरा आकडा खाली आणण्यात गेले.

शोध कुणाचा?

श्टील यांना साखळी करवतीचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे खरी नाही. दातेरी साखळी फिरवून कापण्याची कल्पना मुळात जंगलातली नाहीच. १८३०च्या सुमारास वुर्झबर्ग येथील बर्नहार्ड हाइने यांनी हाड कापण्यासाठी हाताने फिरवायचे असे एक शस्त्रक्रियेचे उपकरण बनवले होते. लाकडासाठीही अनेकांनी प्रयत्न केले होते. पेट्रोलवरच्या करवतीच्या बाबतीत तर श्टील यांचेच देशबांधव एमिल लेर्प त्यांच्या पुढे होते. लेर्प यांनी १९२७ साली थुरिंगिया प्रांतातील डोलमार डोंगरावर आपल्या यंत्राची चाचणी घेतली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या मालाला दिले.

करवतीचा खरा प्राण असलेली साखळी आज ज्या रूपात दिसते, ते रूप तर अमेरिकेतून आले. ओरेगॉन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड कशी पोखरते याचे निरीक्षण केले. ती आपल्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने लाकूड खात होती. त्यावरून कॉक्स यांनी नव्या दातांची साखळी बनवली आणि १९४७ साली तिचे उत्पादन सुरू केले. जुनी साखळी लाकूड खरवडत असे. नवी साखळी रंध्याप्रमाणे त्याचे ढलपे काढू लागली.

मग श्टील यांचे श्रेय कोणते? ते एका चमत्कारिक क्षणाचे श्रेय नव्हे. एकच यंत्र हाती धरून, दोष दिसेल तसा दूर करीत, चाळीसहून अधिक वर्षे त्याचा पाठपुरावा करणे हे त्यांचे श्रेय. १९३०च्या दशकात त्यांची यंत्रे सोव्हिएत रशिया आणि उत्तर अमेरिकेतही जाऊ लागली. साखळीला आपोआप तेल पुरवण्याची सोय आली. इंजिन मंद असताना साखळी थांबलेली राहावी आणि वेग वाढताच ती फिरू लागावी, यासाठी केंद्रोत्सारी क्लच आला. आजच्या प्रत्येक साखळी करवतीत या दोन्ही गोष्टी असतात.

काळोखातली वर्षे

याच दशकात जर्मनीवर हिटलरची सत्ता आली. श्टील नाझी पक्षाचे सभासद झाले आणि एस.एस. या संघटनेतही दाखल झाले. कारखाना चालवणाऱ्याला त्या राजवटीशी जुळवून घेणे भाग होते, असा युक्तिवाद अनेक जर्मन उद्योजकांच्या बाबतीत केला जातो. पण एस.एस.मध्ये जाणे हे केवळ जुळवून घेण्यापेक्षा अधिक होते. युद्धकाळात त्यांच्या करवती लष्करासाठीही तयार होत होत्या. कामगाराच्या खांद्यावरचे ओझे हलके करू पाहणाऱ्या अभियंत्याने माणसाला कवडीमोल ठरवणाऱ्या राजवटीच्या पदरी आपले नाव नोंदवले, ही त्यांच्या चरित्रातली विसंगती आहे. तिचे समर्थन करता येत नाही आणि त्यांच्या यांत्रिक कर्तृत्वाने ती पुसलीही जात नाही.

बॉम्बहल्ल्यांत श्टुटगार्टमधील कॅनस्टाट येथील कारखाना उद्ध्वस्त झाला आणि काम वाइब्लिंगन या गावी हलवावे लागले. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी श्टील यांना स्थानबद्ध केले. सुटून परत आले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. देश मोडला होता, बाजारपेठा गेल्या होत्या. युद्धोत्तर वर्षांत कारखान्याने शेतीसाठी छोटे डिझेल ट्रॅक्टरही बनवले. पण श्टील यांचे लक्ष पुन्हा करवतीकडेच वळले.

दुसऱ्या माणसाची सुटका

१९५० साली त्यांनी एकाच माणसाने चालवायची पेट्रोल करवत आणली. तिचे वजन १६ किलो होते. जंगलातल्या कामाची रचनाच त्यामुळे बदलली. आजवर प्रत्येक करवतीमागे दोन माणसे लागत. दोघांची लय जुळावी लागे आणि झाड कोसळताना दोघांनाही बाजूला व्हावे लागे. आता एक माणूस पुरेसा झाला. १९५४ साली ‘बीएलके’ आली. पेट्रोलवर चालणारी, हलकी आणि लहान अशा अर्थाच्या तीन जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. वजन ११ किलो.

तरीही एक अडचण होती. या यंत्रांत इंजिनाचा वेग दातेरी चाकांच्या पेटीतून कमी करून साखळीला दिला जाई. ती पेटी म्हणजे वजन, ती पेटी म्हणजे बिघाडाची आणखी एक जागा. १९५९ साली आलेल्या ‘कॉन्ट्रा’ने ही पेटी काढून टाकली. इंजिनाच्या दांड्यावर क्लच, क्लचला लागून साखळीचे चाक, आणि इंजिनाचा वेग थेट साखळीला. सुमारे १०६ घन सेंटिमीटरचे इंजिन, शक्ती ६ अश्वशक्ती, वजन सुमारे १२ किलो. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचीही शक्ती ६ अश्वशक्तीच होती. तेवढेच बळ ४६ किलोंऐवजी १२ किलोंत आले होते. अमेरिकेत हे यंत्र ‘लाइटनिंग’ या नावाने विकले गेले. युरोपातल्या जंगलांमधून हातकरवत हद्दपार होण्यास ज्या यंत्रांमुळे वेग आला, त्यांत ‘कॉन्ट्रा’चे स्थान वरचे आहे.

श्टील यांचा आणखी एक आग्रह होता. यंत्र विकणाऱ्याला ते दुरुस्तही करता आले पाहिजे. म्हणून सर्वसाधारण दुकानांऐवजी दुरुस्तीची सोय असलेल्या विक्रेत्यांमार्फतच आपला माल विकण्याचे धोरण त्यांच्या कंपनीने ठेवले. जंगलात बंद पडलेले यंत्र म्हणजे बुडालेला रोज, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते. जुनी यंत्रे आज पुन्हा चालू होऊ शकतात, याचे एक कारण ती मुळातच उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेली होती, हे आहे.

पुन्हा धडधडणारे इंजिन

छंदिष्टाच्या बाकावर एखादी ‘कॉन्ट्रा’ येते तेव्हा ती बहुधा मुकी असते. पहिले काम म्हणजे दोरी हळूच ओढून पाहणे. इंजिन दाब धरते का, पिस्टन अडकला आहे का, हे हाताला कळते. मग धुराची जाळी काढून आत पाहायचे. पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे दिसले तर कुणीतरी तेल न मिसळता पेट्रोल भरल्याची ती खूण. दोन फेऱ्यांच्या या इंजिनात वंगणासाठी वेगळे तेल नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. त्या काळी पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण रूढ होते.

पुढे ठिणगी. फ्लायव्हीलच्या खाली दडलेले कॉन्टॅक्ट पॉइंट वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने काळवंडलेले असतात. ते बारीक पॉलिश कागदाने घासून त्यांतले अंतर मोजून बसवायचे. कंडेन्सर निकामी असेल तर बदलायचा. त्यानंतर कार्ब्युरेटर. आतला रबरी पडदा वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो. तो नवा घालायचा, बारीक छिद्रे हवेने साफ करायची. हा पडदा लहान दिसला तरी त्याचे काम मोठे आहे. जुन्या यंत्रांच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा असे. यंत्र आडवे धरले की पेट्रोलचा पुरवठा बिघडे. त्यासाठी इंजिन उभे ठेवून फक्त पट्टी आडवी वळवण्याची खटपट करावी लागे. पडद्याच्या कार्ब्युरेटरमुळे करवत कशीही धरली तरी इंजिन चालू राहू लागले. इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल मात्र जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून काम झाल्यावर टाकी रिकामी करून ठेवण्याची दक्षता जाणकार घेतात.

शेवटी दांड्याच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील बदलायचे, कारण तेथून हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि एवढा खटाटोप एका दुपारीच वाया जातो. साखळीच्या प्रत्येक दाताला गोल कानस सारख्या कोनात फिरवायची. मग मोकळ्या जागेत यंत्र जमिनीवर पायाने दाबून धरायचे आणि दोरी ओढायची. मोठ्या इंजिनाची दोरी हाताला हिसका देते. दोन-चार प्रयत्नांनंतर निळा धूर सुटतो आणि कित्येक वर्षे गप्प असलेले इंजिन धडधडू लागते. एका ओंडक्याची एखादी चकती कापली जाते. लाकडाची गरज म्हणून ती कुणी कापत नाही. दुरुस्ती खरी झाली याची ती पावती असते.

हा आनंद निर्धोक नाही. पट्टीचे टोक लाकडात अडकून करवत उसळली तर साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक या जुन्या यंत्रांत नसतो. तो १९७०च्या दशकात रुळला. म्हणून जाणकार मंडळी शिरस्त्राण, कानांवर आच्छादन आणि पायांना कापरोधक पोशाख घातल्याखेरीज जुन्या करवतीला हात लावत नाहीत. आणि थोडा वेळच ती चालवली तरी हाताला मुंग्या येतात.

हलक्या ओझ्याची किंमत

त्या मुंग्यांमागे एक मोठे दुखणे आहे. करवत एका माणसाच्या हाती आली, तसा तो माणूस दिवसभर इंजिनाची थरथर हातांवर झेलू लागला. काही वर्षांत लाकूडतोड्यांची बोटे थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. बटण लावणेही कठीण होऊ लागले. १९६०च्या दशकात हा विकार अनेक देशांत नोंदला गेला. पाठीवरचे ओझे कमी करणाऱ्या यंत्राने बोटांवर नवे ओझे टाकले होते. त्याच दशकात श्टील यांच्या कारखान्याने मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी आधार बसवून थरथर कमी करण्याची रचना आणली. दशकाच्या अखेरीस पॉइंटांची जागा घेणारी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन पद्धतीही आली. श्टील तेव्हा सत्तरीत होते.

बोटांचे दुखणे रबराने कमी करता आले. जंगलाचे दुखणे तसे नव्हते. ‘कॉन्ट्रा’च्या वंशातली ‘०७०’ ही करवत पुढे उष्ण कटिबंधातल्या जंगलांमध्ये दूरवर पोहोचली. जे झाड पाडायला दोन माणसांना पूर्वी दिवस लागे, ते आता एक माणूस तासाभरात पाडू लागला. कष्ट हे जंगलाचे एक अदृश्य कुंपण होते, ते मोडले. ब्राझीलमधील आक्रे प्रांतात रबर गोळा करणाऱ्या कुटुंबांनी १९७० आणि ८०च्या दशकांत करवती घेऊन आलेल्या टोळ्यांसमोर उभे राहून झाडे वाचवली. त्यांचे नेते चिको मेंडेस यांची २२ डिसेंबर १९८८ रोजी हत्या झाली. यंत्र बनवणाऱ्याला या साऱ्याचा जाब विचारणे न्याय्य ठरणार नाही. पण कोणतेही काम सोपे करणारा माणूस त्या कामाचा अतिरेकही सोपा करून ठेवतो, हे श्टील यांच्या यंत्राइतके स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

१९७१ पर्यंत श्टील यांच्या करवती जगात सर्वाधिक खपू लागल्या होत्या. १४ जानेवारी १९७३ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि कारभार त्यांचे चिरंजीव हान्स पेटर यांच्याकडे गेला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हिमालयातल्या चमोली जिल्ह्यात मंडल गावच्या लोकांनी झाडे तोडू न देण्याचा निर्धार केला आणि चिपको आंदोलनाचा आरंभ झाला. त्या डोंगरांत तोड अजून कुऱ्हाडीने होत होती. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मात्र झाड पाडणे सोपे करण्यात आयुष्य वेचणारा माणूस गेला त्याच वर्षी, झाड उभे ठेवणे अधिक मोलाचे मानणारी माणसे पुढे येत होती.

आज ‘कॉन्ट्रा’ घेऊन कुणी जंगलतोडीला जात नाही. हलकी, सुरक्षित यंत्रे आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या करवतीही बाजारात रुळल्या आहेत. विजेच्या तारेने सुरू झालेली कथा पुन्हा विजेकडेच वळली आहे. जुन्या करवती उरल्या आहेत त्या छंदिष्टांच्या बाकांवर. तेथे त्या वर्षाकाठी काही चकत्या कापतात आणि उरलेला काळ तेल लावून झाकून ठेवल्या जातात. जंगलाला आता त्यांचे भय नाही.

त्यांतली एखादी करवत उचलून पाहिली की बारा किलोंचे वजन मनगटाला जाणवते. आजच्या माणसाला ते जड वाटते. मात्र कधी जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात दोन माणसांनी धरायची जुनी करवत शेजारी ठेवलेली असते. ती उचलायला दुसरा माणूस शोधावा लागतो, आणि मग ‘कॉन्ट्रा’ हलकी वाटू लागते.